देव्हारा खाली आणायचा की नाय

मंगळवार, संध्याकाळ. करंजाडे.

देव माणसाच्या डोक्याच्या वर पाहिजेत म्हणे. पण डोकं शाबूत राहायला नको? नवीन फ्लॅटमध्ये ह्यांनी देव्हारा इतका वर ठोकलाय की सासूबाईंना रोज दिवा लावायला स्टुलावर चढावं लागतं. मी किती वेळा बोलले. ऐकतंय कोण.

आज स्टूल सरकलं. तव्यावर भाकरी टाकून धावले. सासूबाई बाजूच्या पलंगावर, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर पडलेल्या. काडेपेटी हातातच. सगळं अंग चाचपून बघितलं, कुठं काय लागलं नाय. पलंग तिथं नसता तर?

म्हटलं, "आई, उद्यापासून दिवा मी लावीन."

म्हणतात, "तू दुपारी आंघोळ करतेस. तुझा दिवा देवाला चालंल का?"

काडेपेटी काय सोडेनात. मला हसूच आलं. एवढं टोचून बोलतायत म्हणजे बऱ्या हायेत. जीव भांड्यात पडला.

हे आल्यावर म्हणाले, "देव हलवायचे म्हंजे भटजींना विचारायला पायजे."

म्हटलं, विचारा. पण शनिवारपर्यंत काय ते सांगा. रविवारी सकाळी सुतार येतोय, मी फोन करून ठेवलाय.