लाकडांचा टेम्पो परत गेला

उदगीर,
रविवार

प्रिय दामिनी,

तुझ्या काकावर घोर अन्याय झाला आहे; तिकडच्या संसदेने त्याचीही दखल घ्यावी. ओसरीवरची माझी वेताची खुर्ची गेली. आमच्या ‘संरक्षणा’साठी दारात बसवलेल्या नागसेन शिपायाने ती बदामाच्या सावलीत नेऊन ठेवली आणि मी, संस्कृतचा प्राध्यापक, आसनभ्रष्ट होऊन पायरीवर बसतो. वर हा माझाच विद्यार्थी. वर्गात कधी एका जागी टिकला नाही, आता सकाळपासून उठत नाही. विचारलं तर म्हणतो, “सर, वरून हुकूम हाय. बसून राहिलो बगा.”

घरचं वर्तमान असं, की तुझी आई बरी आहे, म्हणजे जेवते. तिचा फोन तपासासाठी नेला तो नेलाच. माझा आहे, पण त्यावर काय बोललो हे नागसेनच्या साहेबांना लगेच कळतं, म्हणून मी तुरीचे भाव तेवढे बोलतो. शेतात निघालं की जीप मागे. आई परवा म्हणाली, “भावजी, नवी नवरी होते तेव्हा पण एवढा पहारा नव्हता माझ्यावर.” बऱ्याच दिवसांनी हसली.

तुझ्या मुलाखतीपासून मात्र आमचा मान वाढला आहे. तीन देशांनी तीव्र चिंता व्यक्त केली. त्या संसदेत तुझ्या आप्पाचं नाव ज्या तऱ्हेने उच्चारलं गेलं, ते ऐकून आपल्या महांतेशने, तुझ्या आप्पाने, स्वतःच विचारलं असतं, हा कोण बुवा? कोठडीत मेलेल्या पोरांबद्दल तो लिहीत होता, तेव्हा लातूरबाहेर कुणी वाचलं नाही. नांदेड रस्त्यावर ‘अपघातात’ गेला आणि जगाला मराठी कळू लागलं.

फोनवर सांगता येत नव्हतं ते आता सांगतो. त्या सकाळी साहेबांनी देह आणला तो लाकडांच्या टेम्पोसकट. दुपारच्या आत उरका म्हणाले. बाहेरगावचा माणूस, घरी आला, पण घराची चालरीत विचारली नाही. आपल्या बसलिंगप्पा आडत्याने हात जोडले, “लाकडं वापस न्या साहेब. आमच्यात जाळत न्हाईत, बसवतेत.” साहेबांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. कळलं तोवर शेतात माणूस मावत नव्हता, मठाचे स्वामी येऊन बसले होते. एवढ्या लोकांपुढे अडवणार कसे? टेम्पो भरला तसा परत गेला. आम्ही आप्पाला भस्म लावलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि मांडी घालून समाधीच्या खड्ड्यात बसवलं.

त्याआधी आंघोळ मी घातली. कानामागे भोक होतं, दामिनी. बाहेर पडल्याची खूण कुठेच नव्हती. गोळी अजून त्याच्यापाशीच आहे. तुझ्या वकीलबाई जी फेरतपासणी मागतात ती होऊ शकते, ती आपण जाळत नाही म्हणूनच.

हे साहेबांनाही उशिरा उमगलं. शेतात चुन्याची रेघ आली आहे. रस्ता जाणार म्हणे, नेमका समाधीवरून. “सन्मानानं हलवू,” म्हणतात. कुठे, ते सांगत नाहीत.

तू कळवलंस की रेघ पुढे सरकायच्या आत वकीलबाईंना घेऊन येते, फेरतपासणीचा अर्ज मुलीनंच करायला हवा. मलाही ते पटलं होतं. खरं सांगू, तू येणार म्हणून आईने पापड लाटायला घेतले.

काल नागसेन उठला. खुर्ची आणून ओसरीवर ठेवली, उपरण्याने पुसली, मला बसा म्हणाला आणि झाडाकडे बघत बोलला, “सर, ताईचं नाव इमानतळावर देऊन ठेवलंय. साहेब वाट बघून राहिलेत. मी काय बोललो न्हाई.” मग दाराशी जाऊन उभा राहिला. आज दिवसभर उभाच आहे. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बसवत नाही.

म्हणून हे पत्र. बसलिंगप्पाच्या तुरीच्या गाडीतून हैदराबादला जाईल आणि तिथल्या पेटीत पडेल. पोरी, येऊ नकोस. अर्ज सख्खा भाऊ म्हणून मी करतो. पुढे माझं जे व्हायचं ते होवो. आप्पाला रातोरात उकरून नेतील ही भीती आहेच, पण ती दुसरी. पहिली ही, की पत्र उशिरा पोचेल, विमान उतरेल, मी विमानतळाच्या दारापाशी उभा असेन, सगळे लोक बाहेर येतील आणि तू येणार नाहीस.

तुझाच,
विरूपाक्षकाका