पीहर नसलेलीची ओटी

२ फेब्रु., रविवार

चाकसूच्या पुढच्या ढाणीवर जाऊन आले. शेतात वसलेली पंधरा-वीस घरं, आमच्याकडे कामाला येते त्या संतोषचं सासर. तिची सासू धापूकाकी जुनं सगळं सांगते असं कळल्यावर वही घेऊन हजर. (अ. म्हणाला, विमा कंपनीत नोकरी माझी आणि चौकशा तुझ्या. नवऱ्यांना एवढंच सुचतं.)

राजे यायच्या आधीपासून इथे मीणे, म्हणजे काकीची जमात. पहिली चार घरं आली तेव्हा पाणी नव्हतं. एका सुनेनं जागा दाखवली, तिथे बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खणली. पायऱ्यांच्या तोंडाशी तिची देवळी, म्हणजे गुडघ्याएवढा दगड, त्यावर कोरलेली बाई. नाकडोळे झिजलेत. भर उन्हात दगड ओला. चार पुरुषांची नावं काकीला पाठ, हिचं नाव कोणालाच माहीत नाही. राग आला.

कालच्या हळदीकुंकवाची एक ओटी पिशवीत उरली होती. जोशीबाई आल्याच नव्हत्या. काकी चहा करायला गेली तेवढ्यात दगडाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. खण, नारळ, गहू. "येत जा गं घरी," सवयीनं तोंडातून गेलं.

५ फेब्रु.

संतोष भांडी घासता घासता: "उसका पीहर नहीं था, आंटीजी. कहाँ से आई, किसी को नहीं पता. गाँव की औरतें पीहर जाती हैं तो बावड़ी के आगे से नहीं निकलतीं. उसके सामने पीहर का नाम भी नहीं लेते."

माहेराचं नावसुद्धा का नाही, विचारलं.

"वो कहीं जा नहीं सकती, इसलिए पानी भी नहीं जाता."

मी ओटीचं बोलले नाही.

१२ फेब्रु.

दुपारी दोन. दार उघडं ठेवून वाळवण आत घेत होते. उंबऱ्याच्या आत दोन ओली पावलं, बारीक. पुढचं एकही नाही. फडकं आणेपर्यंत सुकली. शेवाळाचा वास मात्र संध्याकाळपर्यंत. अ. म्हणाला ड्रेनेज.

२० फेब्रु.

चहा तीन कप ओतला. अ. ने विचारलं तिसरा कोणाचा. माझाच, म्हणाले. नंतर बघितलं तर रिकामा. मी प्यायले नव्हते.

३ मार्च

संतोषनं आतल्या खोलीत झाडू मारला नाही. का, तर "बेटी सो रही है ना, उठ जाएगी." भिंतीकडे तोंड करून झोपलीय म्हणे. "कब आई?"

मी म्हणाले, "आठ-दहा दिन हुए."

हे मी का म्हणाले? मला मुलगी नाही. मुलगाही नाही. डॉक्टर, नवस, सगळं करून झालं, ते दुःख शिळं झालं असं समजत होते. संतोष गेल्यावर खोलीत गेले. कोणी नाही. उशी दबलेली, ओलसर. बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले. भीती वाटली, आणि बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू.

२३ मार्च, रविवार

काल शीतळेची जत्रा झाली, आज रस्ता मोकळा, म्हणून ढाणीवर. बावडीच्या नऊ पायऱ्या उघड्या. काकी म्हणाली, तिच्या आयुष्यात कधी दोनच्या वर दिसल्या नव्हत्या. देवळी खडखडीत कोरडी. बोटाला धूळ.

मग सांगितलं सगळं. काकी रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "थे तो ईंकी माँ बणगी, बाई."

मग हळूच: "बेटी नै सासरे भेज दो. थाँकै जियां भेजै छै, बियां."

लेकीला सासरी पाठव, तुमच्याकडे पाठवतात तशी. आमच्याकडे ओटी भरूनच पाठवतात. म्हणजे बावडीवर जायचं, परत भरायची, आणि या वेळी ये म्हणायचं नाही. एवढंच.

१० एप्रिल

अ. ची बदली, नाशिक. मेच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं. मी निघाले की ती माझ्यामागे येणार. मग ढाणीला कायमचा टँकर.

१५ एप्रिल, मंगळवार

ओटीचं सामान आणलं. उद्याच जाणार.

१६ एप्रिल

बुधवार आहे हे लक्षातच नव्हतं. बुधवारी लेकीला कोणी पाठवत नाही.

२१ एप्रिल

संतोष: सतरा पायऱ्या. बायका दीड कोस जाऊन पाणी आणतात, काकीसुद्धा. संतोष आतल्या खोलीकडे बघत नाही, माझ्याकडेही नाही.

आज मी केस विंचरताना फणीत लांब काळा केस. माझे पांढरे, मानेपर्यंत.

२७ एप्रिल

अमावास्या. अवसेला नको.

अ. म्हणाला, तू अलीकडे आत कोणाशी बोलतेस? म्हटलं, सामान बांधताना बडबडते. तोही हल्ली त्या खोलीत जाताना आधी खाकरतो.

३० एप्रिल, बुध.

आखाजी. आमच्या जळगावकडे आज लेकी माहेरी येतात. आलेलीला आज कोण घालवतं? पुरणपोळी, आमरस. ट्रक शनिवारी येणार.

संतोषचा फोन. तळ दिसतोय. मागून बायकांचे आवाज, घागरी. "कल पक्का, आंटीजी?"

कल पक्का, म्हणाले. मनापासून म्हणाले. काकीचं वय सत्तरच्या वर आहे, मला कळतं.

मग तिसरं ताट वाढलं.

ओटीतला खण तसाच कसा द्यायचा, म्हणून ब्लाउज शिवायला टाकलाय. शिंप्यानं माप विचारलं, मी न अडखळता सांगितलं. शुक्रवारी देतो म्हणाला.