बाजूची खुर्ची

२ मार्च, सोमवार

लशींचा फ्रिज बंद! सकाळी दार उघडलं तर आत कोमट. प्लग भिंतीतून निघून खाली लोंबत होता. शनिवार दुपारपासून असणार. सहाशे लशी वाया. बाहेर बायका बाळं घेऊन रांगेत उभ्या, सगळ्यांना परत पाठवलं. मोठ्या डॉक्टर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सिस्टर, ही खोली तुमच्याच ताब्यात ना?" सव्वीस वर्षांच्या नोकरीवर एका वाक्यात पाणी!

३ मार्च

निलंबनाचं पत्र आलं. दहा तारखेला चौकशी. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. आता नोकरी गेली तर पेन्शनही गेली.

हे म्हणाले, "संघटनेत जा." जाते. आजवर संघटनेनं मला दिलं काय? भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मोर्चात ओरडून घसा बसवायची संधी!

४ मार्च

संघटनेची खोली जिन्याखाली. प्रतिनिधी म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीतले कारकून. त्यांना सगळे कलमकाका म्हणतात, कारण तोंड उघडलं की कुठलं तरी कलमच बाहेर पडतं. मी रडत रडत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "बाई, काय झालं ते मला सांगू नका. कागदावर काय आहे ते सांगा." माणूस आहे की रजिस्टर!

कागदावर काय आहे? तापमानाच्या वहीत शनिवारच्या दोन नोंदी, दोन्ही माझ्या अक्षरात. सकाळी नऊ – चार अंश. दुपारी एक – चार अंश. दुपारची नोंद मी सकाळीच करून ठेवली होती. सगळ्याच करतात. रांग आवरताना फ्रिजकडे बघायला सवड कुणाला? काकांनी वही दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच हसले. "एक वाजता चार अंश. म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा फ्रिज चालू होता." मी बोलायला गेले तर पुन्हा हात वर.

६ मार्च

सोबतच्या दोन्ही सिस्टरांना माझा नंबर आठवेनासा झालाय. एरवी रजा बदलून हवी असली की बरोबर आठवतो! फोन आला तो फक्त मावशीचा. दवाखान्यात फरशी पुसते, कंत्राटावर आहे. "सिस्टर, जेवलात का?" हो म्हणून ठेवून दिला.

८ मार्च, रविवार

काका घरी आले. सुट्टी असून दोन तास मला घोकवत बसले. "विचारतील तेवढंच बोलायचं. उत्तर संपलं की गप्प. सुचलं नाही तर पाणी प्यायचं." त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते मी! लाज वाटली.

१० मार्च

टेबलापलीकडे तिघे, अलीकडे मी. माझ्या बाजूच्या खुर्चीत काका. नियमच आहे, सभासदाला एकटं बसवायचं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग वही उघडून शांतपणे म्हणाले, "एकच्या नोंदीनंतर त्या खोलीत कोण होतं, हे शोधा."

शनिवारी एकनंतर फरशी पुसतात.

११ मार्च

मावशीला आत बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर! शिपाई सांगत होता, एकच प्रश्न विचारला, "शेवटी खोलीत कोण होतं?" ती म्हणाली, "मीच." अंगठा घेतला आणि झालं.

काकांना विचारलं, तिच्या बाजूनं कोण बसलं? त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती सभासद नाही. कंत्राटी लोकांना आपण घेत नाही." मग म्हणाले, "बाई, मी माझं माणूस वाचवतो. तेवढंच माझ्या हातात आहे."



१६ मार्च

सुटले! निलंबन रद्द. त्याच सहीनं मावशीला काढलं. संघटनेच्या सभेत टाळ्या वाजल्या. त्या दोघी सिस्टरांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. काका म्हणाले, "आता तुमच्या दवाखान्याच्या प्रतिनिधी तुम्हीच." मी हो म्हणाले. काय म्हणून हो म्हणाले?

१८ मार्च

मावशी आली होती. बेसिनखाली तिच्या रबरी चपला राहिल्या होत्या, त्या न्यायला. पिशवीत घालता घालता म्हणाली, "सिस्टर, तुमचं सुटलं ना? बरं झालं." मी लशी मोजत राहिले. तीनदा चुकले.

१९ मार्च

इतके दिवस इथेही लिहिलं नाही. प्लग मी काढला होता, मोबाईल चार्ज करायला. मी मोबाईल पर्समध्ये टाकत होते तेव्हा ती दारात बादली घेऊन उभी होती. म्हणाली होती, "सिस्टर, फ्रिजचा परत लावा हं."