बार्शीच्या सोन्याच्या विड्या

मुक्काम बार्शी
दिवाळीच्या तोंडावरचा बाजारवार

तीर्थस्वरूप मालोजीमामांच्या पायांवर भाचा लडकू याचं डोकं (इथूनच टेकवलं हाय, पोचलं असं समजावं).

पत्रास कारण की इकडं मी खुशाल. भिसेगावात मामींचा दमा कसा हाय? तुमचं रेल्वेच्या गँगमधलं काम बरं चाललंय ना? पावसाळ्यात घाटात दरड आली तेव्हा तुमी कुठं होता, ह्या काळजीनं माझं इकडं दोन दिवस लक्ष नव्हतं. ठाकुरवाडीच्या धाऊला रामराम सांगा. जरा गोड बोलून सांगा, पुढं त्याचं काम पडणार हाय.

मामा, लिहायला उशीर झाला. काम शरमेचं हाय, आणि शरमेचं काम माणूस उद्यावर टाकतो.

तुमाला ठाऊकच हाय, मी इथं विडीच्या कारखान्यात हाय. (कारखाना म्हणजे एक पडवी, दहा-बारा वळणाऱ्या बाया आणि शेठची गादी. धुराडं शोधू नका.) पण ह्या जर्मनच्या लढाईनं आमचे हाल केले. दोरा मिळत नाय, म्हणून शेठनं गोणपाटाचे धागे उसवून विड्या बांधायला लावल्या. वेष्टनाचा कागद मिळत नाय, म्हणून कागद अर्धा केला. आमची विडी पोपटछाप. आता कागदावर पोपटाचं नुसतं शेपूट येतं, आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन बिनमुंडीची विडी मागतं. शेठ माणूस चिकट, पण कारखाना चालवायचा तर चिकटच पाहिजे, हे मला आता पटलंय. हे सगळं चाललं असतं. पण पान संपलं. टेंभुर्णीचं पान यायचं लांबून आगगाडीनं, आणि मालगाडीच्या वाघिणी सगळ्या पलटणीच्या सामानाला लागलेल्या. शेठनं पळसाचं पान वळून बघितलं, ते फुटलं. केळीचं सुकं पान बघितलं, ते भस्सकन पेटलं आणि शेठच्या मेव्हण्याची मिशी एका बाजूनं गेली. (दुसरी त्यानं स्वतः काढली.)

शेठ म्हणाले, आठवड्यानं पडवी बंद. बायांनी मांडीवरची पानाची सुपं खाली ठेवली. कुणाचं घर त्याच्यावर, कुणाची पोरं. आणि मामा, तुमी मला लहानपणापासून सांगत आलात की लडक्या, गप्प राहायला शीक. मी उठलो आणि म्हणालो, "आमच्या कर्जतला आपट्याचं रान हाय. आपट्याच्या पानाची विडी झकास होते. माझा मामा जंगलाचा ठेकेदार हाय."

तुमाला ठेकेदार मी केला, तुमाला न विचारता. माफी असावी.

मग रोज शेठ विचारायचे, "काय रे कोकण्या, मामाचं पान निघालं का?" मी म्हणायचो, निघालं. इतक्यात आला दसरा. तुमाला काय सांगू, इथं शिलंगणाला अख्खं गाव वेशीबाहेरच्या देवीला जातं आणि एकमेकाला सोनं वाटतं. दुसऱ्या दिवशी देवळात आपट्याच्या पानांचा हा ढीग. गुरव म्हणाला, नदीत सोडायला कुणी न्या रं बाबा. मी म्हणालो, मी नेतो. नदी उजवीकडं. मी डावीकडं वळलो.

शेठला सांगितलं, मामानं नमुना पाठवलाय, फुकट. फुकट म्हटल्यावर शेठनं रेल्वेची पावती मागितली नाय. पानं कापायच्या आधी भिजवावी लागतात. भिजत घातली, तर पाणी लाल. बाया माझ्याकडं बघाय लागल्या. मी म्हणालो, आमच्या कोकणची माती लाल असते. ते पटलंही असतं. पण चंद्राबाई म्हणून वळणारी हाय, मला येता-जाता भाकरी देणारी, तिच्या पानाला अक्षता चिकटलेली निघाली. तिनं ती नखानं उचलली आणि म्हणाली, "का रं लडकू, तुमच्या मातीत तांदूळबी कुकू लावूनच उगवतो व्हय?"

कुणी हसलं नाय. तिनं पान डोळ्याला लावलं, देवीला हात जोडले, आणि कात्री घेतली. मला म्हणाली, "पाप तुझं, पोट माझं. वळते." शेठला कुणी सांगितलं नाय. आता ती दर मंगळवारी उपास धरते, माझ्या पापाचा, आणि मला मात्र भाकरी देतेच.

वर आणखी असं की विड्या खपल्या. कापराचा, उदबत्तीचा वास. गुरवच रोज विड्यांचा एक कट्टा नेतो आणि म्हणतो, ओढली की मन शांत होतं. मी रस्ता बदलून जातो.

पान संपलं. आता शेठ खूश होऊन स्वतः कर्जतला निघालेत, ठेकेदाराला भेटायला. बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्या वाट्याची जी शिवी असंल ती राखून ठेवावी.

आपला नालायक भाचा,
लडकू

ता. क. मामा, दोन दिवस तेवढे ठेकेदार व्हा. काळा कोट कुणाचा तरी मागून घाला. धाऊला सांगा, तुमाला मालोजी न म्हणता मालक म्हणायचं, आणि हसायचं नाय.

ता. क. दुसरं. हे पाकिटात घालत होतो, तर शेठ दारात आले. म्हणाले, टपालाला कशाला देतोस, मीच मामाच्या हातात देतो. मी हो म्हणालो. ते गेल्यावर ध्यानात आलं की मामा, तुमाला वाचता येत नाय. जो कागद आणतो त्यालाच तुमी पुढ्यात बसवून वाचायला लावता. पत्र फाडायला घेतलं. समोर चंद्राबाई पानावाचून रिकामं सूप घेऊन बसली होती. फाडलं नाय.

म्हणून शेठ, हे तुमाला. तोंडावर सांगायची छाती झाली नाय, म्हणून तुमच्याच तोंडून सांगतोय. मामा गँगमन हाय, तुमाला फसवणारा मी एकटा. चिकट लिहिलं ते तसंच असू द्या, ते खोटं नाय. पण आपट्याचं रान खरं हाय, आणि त्या रानातून पान तोडून आणणारा ठाकुरवाडीचा धाऊ खरा हाय. राग माझ्यावर काढा, पण त्याला भेटल्याशिवाय गाडीत बसू नका. त्याला रोख मोल द्या. पान आलं तर बायांचं काम चालंल. मला ठेवा न ठेवा.

आणि शेठ, इथवर मनातल्या मनात वाचलं असंल तर मामांना मोठ्यानं एवढंच सांगा, की लडकू बरा हाय. ते तेवढंच ऐकायला बसलेत.