पोटावरची पर्पल लाइन

१० जानेवारी, शनिवार

आज आंघोळीनंतर आरसा पुसला आणि पोट नीट पाहिलं. आर्या झाल्यापासून आठ महिने टाळत होते. बाप रे! बेंबीच्या डावीकडून जी रेघ निघते ती थेट मांडीपर्यंत — जांभळी, लांबलचक, वळणं घेत. आमच्या बंगळूर मेट्रोची पर्पल लाइनच! व्हाइटफील्डला बसा आणि चल्लघट्ट्याला उतरा. उजवीकडे बारीक फाटे आहेत, पण ते अजून जोडलेले नाहीत, काम चालू आहे. आणि मॅजेस्टिक कुठेच नाही, म्हणजे दोन लाइनी एकमेकींना छेदतात तसलं ठिकाण. तेवढंच समाधान.

एकटीच हसले. बाहेर आर्या झोपलेली, म्हणून तोंडात टॉवेल कोंबून हसले.

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला रेघांचं तसं काही नाही. मला लाइटचं आहे. बाळंत होऊन घरी आले तेव्हापासून अवधूत खोलीत आला की आधी लाइट बंद करतो, मग कपडे बदलतो. लग्नाला चार वर्षं झाली. आधी मीच म्हणायचे, लाइट बंद कर ना, आणि हा करायचा नाही!

११ जानेवारी, रविवार

आज दुपारी अवधूतने शर्ट बदलायला पडदे ओढून घेतले. "आर्याच्या डोळ्यांवर ऊन येतं गं." आर्या हॉलमध्ये होती.

१४ जानेवारी, संक्रांत

बोरन्हाण झालं! आर्याच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, चॉकलेटं — रडेल वाटलं होतं, तर बाई एक बोर तोंडात घालून बसली. काढताना माझ्या बोटाला चावली. दोनच दात आहेत, पण काम चोख. शेजारच्या धनलक्ष्मी अक्का त्यांचं एळ्ळु-बेल्ला, तीळ-गूळ-खोबऱ्याचं मिश्रण, घेऊन आल्या, मी तिळगूळ दिला. आर्या आता रांगते, पण फक्त मागे. खेळणं समोर ठेवलं की त्याच्याकडे बघत बघत लांब जाते.

काळी साडी नेसले होते. पोट दिसू नये म्हणून पदराला इतक्या पिना लावल्या की दिवसभर टोचत होत्या. आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "सिद्धी, साडी नेसलीयस की पार्सल बांधलंय?"

मग ते झालं.

अवधूत बाल्कनीत फोनवर होता. शंतनूशी. पुण्याचा मित्र, त्याला हा सगळं सांगतो. मी तिळगुळाची वाटी घेऊन गेले. काचेचं दार अर्धं उघडं होतं.

"अरे, बघवत नाही रे. पोटावर नुसत्या रेघा. लाल, जांभळ्या. लाइट लावायची हिंमत होत नाही... छे, सिद्धीशी कसं बोलणार? काय वाटेल तिला?"

वाटी घेऊन परत आले. सगळा तिळगूळ मीच खाल्ला. गोड गोड बोला म्हणतात. मी बोललेच नाही त्याच्याशी.

१५ जानेवारी, गुरुवार

रडून झालं. नाक लाल, डोळे सुजलेले, त्यात पोट जांभळं. सगळे रंग झाले. बस्स! आता उपाय करायचे. सगळे करायचे. जे जे कोणी सांगेल ते लावायचं.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं लिहिताना हसू आवरत नाही!

यल्लव्वा आर्याला मालिश करायला येते. बेळगावकडची. तिला पोट दाखवलं. तिने एखादी भाजी बघावी तसं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय न्हवं ओ अक्का. हितल्या शिवाजीनगरात घाण्याची एण्णे मिळत्ये की. रोज लावा, महिन्यात साफ बघा." एण्णे म्हणजे तेल, एवढं मला येतं. मोबाइलवर कन्नड शिकतेय ना मी! म्हटलं, आज कन्नड वापरायचंच.

आर्याला पोटाशी बांधलं, ऑटोत बसले. ड्रायव्हरचं नाव मंजुनाथ, वयाने आमच्या बाबांएवढा. शिवाजीनगर आल्यावर ऐटीत विचारलं, "अण्णा, ओळ्ळे एण्णे एल्लि सिगुत्ते?" चांगलं तेल कुठे मिळेल? त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग आर्याकडे. मग परत माझ्याकडे.

"मेडम... बेळिग्गेने?" म्हणजे, सकाळी सकाळीच?

मला वाटलं दुकान उघडलं नसेल म्हणून विचारतोय. पोटावर हात फिरवून म्हटलं, "होट्टेगे, अण्णा. स्वल्प साकु." पोटासाठी हवंय, थोडंसंच पुरे!

त्याने मोठा सुस्कारा सोडला, "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि ऑटो एका दुकानासमोर उभी केली. बोर्डावर मोठ्या अक्षरात वाइन्स. शटर अर्धं वर, खाली चार-पाच गडी ताटकळलेले. त्यांनी मला बाळासकट बघितलं आणि रांगेत जागा करून दिली!!

"मगु इदे, मेडम," मंजुनाथ हळूच म्हणाला. लेकरू आहे हो बरोबर.

घरी आल्यावर यल्लव्वा जमिनीवर बसून हसली. एण्णे म्हणजे तेलच, पण इथे दारूलाही एण्णे म्हणतात, आणि ऑटोवाल्याला "चांगली एण्णे" विचारलं तर तो तेच समजणार. हे ॲपमध्ये नव्हतं. तेल मिळालं शेवटी, दोन गल्ल्या पलीकडे. मंजुनाथनेच दाखवलं, तेही हसून हसून डोळे पुसत.

लावलं. रेघा आहेत तिथेच आहेत, फक्त आता चकाकतात.

अवधूतला सांगावंसं वाटत होतं. त्याच्याइतकं कोणी हसलं नसतं. पण तेल कशाला हवं होतं, ते आधी सांगावं लागलं असतं.

२० जानेवारी, मंगळवार

धनलक्ष्मी अक्कांचा उपाय: ओंदेलगाचा पाला. छोटी गोल पानं, कुंडीत लावतात. महागड्या क्रीमच्या डब्यावर सेंटेला म्हणून लिहिलेलं असतं ना, ती हीच म्हणे. वाटली, पोटाला थापली, अर्धा तास हिरवीगार होऊन पडून राहिले. उरलेली स्टीलच्या वाटीत भरून फ्रिजमध्ये ठेवली.

संध्याकाळी अवधूत बोम्मसंद्र्याहून आला. प्लांटमधून आला की याला कडकडून भूक लागते. मी आर्याला पाजत होते. बाहेर आले तर डोसे संपलेले आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ.

"चटणी मस्त होती गं. मीठ जरा कमी."

काय सांगणार! अक्का ती खरोखरच चटणी करून खातात, त्यामुळे जिवाला धोका नाही.

पण हा असाच आहे. मी गरोदर होते तेव्हा डोहाळे मला लागले आणि खाल्लं याने. मला चिंच बघवेना, हा पाकीटभर खाऊन मोकळा. नंतर आईने पाठवलेले डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं — मी एक खाल्ला की हा तीन. "तुला सोबत!" माझ्याबरोबर याचंही पोट पुढे आलेलं. आता जिम लावून हा परत सडसडीत झालाय आणि मी आहे तशी. न्याय नाही जगात.

२१ जानेवारी, बुधवार

नवी ओंदेलग वाटून ठेवली होती, ती लावली. भल्या माणसाने आधीच तिच्यात मीठ आणि हिरवी मिरची घालून ठेवली होती. आई गं!! बर्फ लावून बसलेय.

२४ जानेवारी, शनिवार

शेवटी डॉक्टर. त्वचेच्या, श्यामला मॅडम. अवधूतला नुसतं म्हटलं की स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन येते, तर हा शर्ट घालून तयार. "मी पण येतो." लसीकरणाला ओढून न्यावं लागतं याला! एवढं खुपतंय तर त्याला.

मॅडम स्पष्ट बोलल्या. पूर्ण पुसून टाकेल असं काहीच नाही, तसं कोणी सांगितलं तर तिथून उठायचं. लाल-जांभळ्या आहेत तोवर फिकट करता येतात, पांढऱ्या झाल्या की अवघड. रेटिनॉलचं क्रीम असतं, पण मी पाजतेय, त्यामुळे आत्ता नाही. बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग असतं, लेझर असतं, पण बऱ्याच बैठका लागतात आणि तरी थोड्या उरतातच. तेलाने कातडी मऊ होते, रेघ जात नाही. (यल्लव्वाला सांगणार नाही.) सध्या एक साधं क्रीम दिलं, रोज चोळायला. बाकी वर्षभरात आपोआप फिकट होतील म्हणाल्या.

मी उठले. अवधूत उठेना.

"मॅडम, हे पुरुषांना पण होतं? म्हणजे... जनरल नॉलेज म्हणून."

"होतं की. वजन भराभर वाढलं की कोणालाही होतं."

"आणि हेच क्रीम चालतं?"

"चालतं."

आणि हे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं! मी कानकोंडी झाले. हसू आलं असतं एरवी, आज नाही आलं. बायकोचं पोट बरं करायला माणूस नोट्स काढतोय. इतकं का वाईट आहे ते?

२७ जानेवारी, मंगळवार

लाइट बंद. पाठ माझ्याकडे. बनियन घालून झोपतो आता. म्हणे बंगळूरला गारठा फार.

३० जानेवारी, शुक्रवार

क्रीम संपलं! महिनाभर पुरेल म्हणाल्या होत्या मॅडम. आठवडा नाही झाला. मी झोपेत लावते की काय? उशीलाही त्याच क्रीमचा वास येतो, अवधूतच्या उशीला. म्हणजे मी झोपेत उशी चोळते! आर्याची आई आणि ही उशी — दोघींच्या रेघा जाणार.

हसतेय खरी. पण उद्या-परवा विचारणार आहे त्याला. सरळ. "माझ्याकडे बघवत नाही का तुला?" एवढंच. उत्तर काय यायचं ते येऊ दे. अंधारात राहून आता कंटाळा आला.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विचारणार होते. वाक्य पाठ केलं होतं. चहा ठेवला, आलं जास्त पडलं, आणि तेवढ्यात हा बाथरूममध्ये गेला. दार लावून. बराच वेळ.

आणि आर्या — आर्या पुढे रांगली! पहिल्यांदा! दोन्ही हात टाकत, लाळ गाळत, थेट. मी ओरडले, "अवधूत, आर्या पुढे जातेय, पुढे!" ती हॉलमधून खोलीत, खोलीतून बाथरूमकडे. त्या दाराची कडी नीट लागत नाही, कधीचं म्हणतेय त्याला. तिने डोकं लावलं आणि दार उघडलं.

बाकीचं नंतर. हसून हसून पोट दुखतंय. दोघांचं!

१ फेब्रुवारी, रात्री

क्रीमचा नवा डबा अवधूतच्या हातात. बनियन वर, हनुवटीखाली दाबून धरलेलं. आणि पोट! लाल, जांभळ्या, आडव्या, उभ्या. आईचे सगळे लाडू तिथे आहेत.

"बघवत नाही" म्हणाला होता ते स्वतःचं पोट. फोनवर "माझ्या" हा शब्द त्याने गाळला आणि मी तिथे मला बसवलं.

"तू मूल जन्माला घातलंस," म्हणाला, "मी नुसते लाडू खाल्ले. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

मी म्हटलं, आणि मला वाटलं तुला माझं पोट आवडत नाही.

"तुझं? मी बघितलंच कुठे गं, लाइट बंद असतो ना."

मग दाखवलं. शेजारी शेजारी उभे राहिलो आरशासमोर. माझी नुसती पर्पल लाइन आहे. त्याचं आख्खं मॅजेस्टिक!

तो आर्याला झोपवून आलाय. बनियन खुर्चीवर आहे. पेन ठेवते आता.

लाइट चालू आहे.