कोणी हसायचं नाही

मोताळा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा खुंटीला टांगण्यासाठी नाही, बांधण्यासाठी आहे. इथं ऊन अजून चटकतं. कापूस वेचणीला आलाय. माझ्या तोंडातही आता मधूनच 'मला'ऐवजी 'मले' येतं, आपल्या देऊळगावात ऐकलं तर पोरी चिडवतील.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी वच्छलाबाई बसलेल्या असतात. म्हणून पत्र. एकटीनंच वाच.

आमचा कुत्रा बादल कसा आहे, असं तू मागे विचारलं होतंस. चांगला आहे. पण त्याचं मी तुला पुरतं सांगितलंच नव्हतं. 'अंगावर येतो' एवढंच म्हणाले होते, तुला वाटलं चावतो. चावत नाही गं. मी कामात असले की मागून यायचा, पुढच्या दोन्ही पायांनी माझा पाय घट्ट आवळायचा आणि कुत्रा कुत्रीवर चढतो तसं करायचा. लिहितानाही कान गरम होतात. सासूबाईंना कधी नाही, नागसेनना नाही. मलाच.

आणि सगळे हसायचे. वाईट मनानं नाही. सासूबाई लाटणं उगारून 'हाड, हाड' करायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. नागसेनचं मोटार वायंडिंगचं दुकान पुढच्याच खोलीत, ते हातातली तार टाकून बघायला यायचे. "तुह्यावर लय जीव हाय त्याचा," म्हणायचे. मग मीही हसायचे. सासरी पहिलं वर्ष ऐकून घे, नवऱ्याला, सासूला उलट बोलू नको, असं तू सांगून पाठवलं होतंस ना.

विजयादशमीला विहारातून आल्यावर नागसेनच्या मावशी आणि त्यांच्या घरची माणसं आली. घर भरलेलं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि बादलनं पाय धरला. हलता येईना. मावशी म्हणाल्या, "नवी नवरी कुत्र्यालेही पसंत पडली वं." जो तो हसला. नागसेन फोन काढून उभे राहिले. चहा माझ्या मनगटावर सांडला, ते कुणी पाहिलं नाही. तो व्हिडिओ त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दादा त्या ग्रुपवर आहे, म्हणजे तुम्ही पाहिलाच असेल. तुम्हीही हसलात का, ते मला सांगू नको.

मी आत गेले, दोन साड्या पिशवीत भरल्या आणि मागच्या दारानं बसस्टँडवर गेले.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं आता.

बुलढाण्याची, म्हणजे आपल्याकडे येण्याची, गाडी लागली होती. लोक चढत होते. मी बाकावर बसून राहिले. तेवढ्यात बाबा आले, म्हणजे माझे सासरे, जानराव. ते एरवी घरात दोन शब्द बोलत नाहीत. शेजारी बसले, माझ्या मनगटाकडे बघितलं.

"हे का झालं वं बाई?"

"चहा सांडला."

"बादलले म्याच आणलं होतं. उद्या दूर नेऊन सोडून देतो त्याले."

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, त्याला नका सोडू. त्याला काय कळतं? तुम्ही सगळे हसता, ते मला सोसत नाही."

गाडी सुटून गेली. मग बाबा म्हणाले, "म्याही हासलो." आणि माझी पिशवी उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बादलला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या पूनम मॅडमनी त्याला सगळीकडून तपासलं. आजार काही नव्हता. मग विचारलं, "तो असं करतो तेव्हा घरातले काय करतात?"

बाबा खाली बघून म्हणाले, "हासतात."

"मग तो थांबेल कशाला? गडबड झाली की त्याला आवरत नाही, आणि असं केलं की सगळं घर त्याच्याकडे बघतं. त्याला वाटतं, छान केलं." नसबंदी करून घ्या म्हणाल्या, पण नुसत्या तेवढ्यानं सवय जाईलच असं नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तो जवळ यायला लागला की आधीच हाक मारून बसवायचं, बसला की भाकरीचा तुकडा द्यायचा. रोज भरपूर फिरवायचं.

जेवताना बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "आजपासून कोनी हासायचं नाही." थोड्याच वेळात बादल माझ्याकडे निघाला. मी "बस" म्हटलं, तर तो पुढचे दोन्ही पाय वर करून उभा राहिला. सासूबाईंनी ओठ इतके दाबले की त्या थरथरायला लागल्या, मग ताट सोडून अंगणात पळाल्या. त्यांना बघून मलाच हसू फुटलं.

नागसेनशी बोलणं अवघड गेलं. ते म्हणाले, "मस्करी होती ती." मी म्हटलं, "मस्करी तुमची होती. पाय माझा होता." ते दुकानात गेले. संध्याकाळी भाजल्यावर लावायचं मलम घेऊन आले. ग्रुपवर त्यांनीच लिहिलं होतं, व्हिडिओ मी काढायला नको होता, कोणी पुढं पाठवू नका. दादाला ते वाचून दाखवायला सांग.

आता सकाळी मी आणि बाबा बादलला मलकापूर रस्त्यानं फिरवून आणतो. बाबा चालताना बोलतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते तेव्हाच्या गोष्टी सांगतात. बादल अजून कधी कधी चुकतो, पण बसतो. नसबंदीची तारीखही मिळाली आहे.

काल मावशी परत आल्या. बादल उठला, मी "बस" म्हटलं, बसला. मावशींनी तीच जुनी मस्करी सुरू केली, तर सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आमच्या घरी त्याच्यावर हासत नाहीत, ताई." बस, एवढंच. मी आत जाऊन थोडी रडले, पण ते चांगलं रडणं होतं.

आई, एक राहिलं. त्या दिवशी बाबा येण्याआधी गाडी समोर होती आणि मी चढले नाही. का, ते सांगते. तू दारातूनच मला समजावून परत पाठवशील, असं वाटलं. कदाचित तू तसं केलंही नसतंस. पण वाटलं. तुझ्यावर राग नाही. तुलाही कुणी असंच सांगून पाठवलं असेल.

दिवाळीला दादाला मला न्यायला पाठवू नको. त्याच्यासोबत तूच इकडे ये आणि चार दिवस राहा. बाबांनी तुझ्यासाठी खाट विणायला काढली आहे.

मोताळ्याहून, आपल्या घरून,
तुझी
योगिनी