छोट्या गोळीला औषध म्हणत नाहीत

ती. मामास,

"तुझ्या त्या इवल्याशा कणांना गुठळीचा पत्ता कोण सांगतं गं?" असं तू फोनवर विचारलंस. खरं सांगते, मला याचं पुरतं उत्तर येत नाही. (आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनाही येत नाही, पण ते चष्मा पुसायला घेतात आणि वेळ निभावून नेतात.) असो. साष्टांग नमस्कार. तुझी दाढ, मामीचा गुडघा आणि टेम्पोचा क्लच, यांतलं जे जास्त कुरकुरत असेल त्याची खुशाली आधी कळव.

"भाची रक्तात टेम्पो चालवते" असं तू गल्लीभर सांगतोस म्हणे. चूक नाही ते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा कण, त्यात गुठळी विरघळवणारं औषध भरायचं आणि माल फक्त गुठळीपाशी उतरवायचा. नाहीतर ते औषध अंगभर फिरतं आणि भलतीकडूनच रक्त वाहू लागतं. घरातली पहिली पदवी माझी, तेव्हा तिचा निदान एखाद्याचा जीव वाचायला उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. (हसू नकोस. मामीलाही वाचून दाखवू नकोस, ती रडेल.)

अडचण एवढीच की माझे टेम्पो रस्त्यातच आडवे होत. रिकामे कण नळीतल्या रक्तात टाकले तरी रक्तातल्या पेशी त्यांना जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तशा बिलगायच्या आणि नवीनच गुठळी तयार! मी कणांवर नाना तऱ्हेचे लेप चढवून पाहिले. शेवटचा लेप जमलासा वाटला आणि ताजं रक्त हवं होतं, तेव्हा खुद्द सरच बाही सरसावून पुढे आले. नियमाप्रमाणे मी विचारलं, "सर, काही औषध चालू आहे का?" ते दुखावल्यासारखे म्हणाले, "मी? आणि औषध?"

आणि काय सांगू मामा, त्यांच्या रक्तात एक गुठळी होईल तर शपथ! कण आपले सुखाने तरंगतायत. कण न घातलेलं रक्त गुठळी व्हावी म्हणून मुद्दाम डिवचलं, तर तेही ढिम्मच होतं, पण माणूसच शांत स्वभावाचा, तेव्हा रक्तही तसंच असेल, असं मी (विज्ञानाची पदवी असलेली बाई!) मनाशी म्हटलं. सरांनी मोठ्या परिषदेत भाषण ठरवलं, नवा कोटही शिवायला टाकला.

मग परवा जेवणानंतर सरांनी खिशातून एक पांढरी गोळी काढून पाण्याबरोबर गिळली.

"सर, हे काय?"

"काही नाही गं. रक्त पातळ राहावं म्हणून छोटी गोळी असते ना, ती. औषध नव्हे, सवय आहे ती."

मी धावत जाऊन स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि त्यात तेच कण टाकले. बघता बघता गोळे झाले! सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा इतका वेळ पुसला की मला वाटलं आता काच झिजणार. मग म्हणाले, "भाषण रद्द. पण कोटाचं काय करू?" मी म्हटलं, "सर, लेप बदलते. कोट राहू द्या."

आता आमच्याकडे रक्त देणाऱ्याला औषधाचं कुणी विचारत नाही, खिसे उलटे करायला लावतात. नव्या लेपाचे कण थोडे शहाणे दिसतायत. मी मजेत आहे.

तुझी भाची

ता. क. : शुक्रवारी दाढ काढायची ना? दाताच्या डॉक्टरीणबाईंना तू "मी घोड्यासारखा आहे, औषधाला शिवत नाही" असं ऐटीत सांगितलंस, हे मामीकडून कळलं.

दुसरा ता. क. : हृदयाच्या दुखण्यानंतर दिलेली, सरांच्यासारखीच पांढरी गोळी तू टेम्पोत काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेमागे ठेवतोस, हेही मला ठाऊक आहे. आता घाबरून ती आपल्या मनाने बंद करू नकोस. एवढंच सांगायला हे सारं पुराण लावलं. डॉक्टरीणबाईंना गोळीचं सांग.

तिसरा ता. क. : तू सांगणार नाहीस. म्हणून आज सकाळीच मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, गोळी चालूच ठेवा, रक्त थांबवायची तयारी ठेवून दाढ काढू. मामी सोबत येते आहे. खिसे तीच तपासणार आहे, झडपेमागची गोळ्यांची पट्टी तिने कालच पर्समध्ये घातली, रोजची गोळी आता तीच हातावर ठेवेल.